शिंपल्यांचा फौजदार

तर झालं असं, की २००६ च्या जूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा फौजदाराच्या तावडीत सापडलो. गुन्हा: तीन शिंपले.

तेव्हा मी बॉस्टनजवळ ऑनसाइट होतो. चार बॅचलर, एक अपार्टमेंट, रोज रात्री राजमा नाहीतर अंडा-करी. त्यात माझं आजोळ सिंधुदुर्गात, त्यामुळे मे महिना संपत आला की जिभेला तिसऱ्यांची आठवण यायची. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने सांगितलं, केप कॉडला जा, टाउन हॉलमध्ये पैसे भरून परवाना मिळतो, दाताळं घ्या आणि स्वतःच्या हाताने शिंपले काढा. आम्ही लगेच तयार. फुकटात (म्हणजे परवान्याच्या पैशात) मासळी आणि वर पिकनिक, मराठी माणसाला आणखी काय हवं?

टाउन हॉलमधल्या बाईंनी परवान्याबरोबर तीन गोष्टी हातात ठेवल्या. एक भरती-ओहोटीचं वेळापत्रक, एक नियमांचं कार्ड, आणि पैसे घेऊन विकत दिलेली धातूची एक कडी. कार्डावर सगळं मोजून-मापून. आठवड्यातले कुठले दिवस, कुठल्या किनाऱ्यावर, एका कुटुंबाने आठवड्याला किती (साधारण दहा लिटरची एक टोपली). आणि क्वाहॉग नावाचा तिथला जाड कवचाचा शिंपला एक इंचापेक्षा कमी जाडीचा असेल तर जिथून काढला तिथेच परत.

ओहोटीला गुडघाभर पाण्यात दोन तास दाताळं ओढलं. कंबरेचं काय झालं ते विचारू नका. टोपली भरली, आम्ही फोटो काढतोय, तेवढ्यात पिकअप ट्रकमधून एक पन्नाशीचे गृहस्थ उतरले. छातीवर बिल्ला, पायात रबरी बूट. शेलफिश कॉन्स्टेबल! मला वाटलं मित्र थट्टा करतोय. पण नाही, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बहुतेक गावांत हे खरोखरचं पद असतं. शिंपल्यांचा फौजदार. त्याने परवाना बघितला, टोपली वाळूवर ओतली आणि शांतपणे एकेक शिंपला कडीतून घालायला लागला. तीन आरपार गेले.

मी हसत म्हटलं, फक्त तीनच तर आहेत. तो हसला नाही. म्हणाला, आज या किनाऱ्यावर तुझ्यासारखे चाळीस जण आहेत. मग त्याने ते तीन शिंपले माझ्या हातात दिले आणि मला पाण्यात परत पाठवलं. स्वतः नाही टाकले. मलाच टाकायला लावले.

त्या वेळी मी हा किस्सा "अमेरिकन लोक कशाकशाचे नियम करतात बघा" या थाटात सगळ्यांना ऐकवला होता. पण गेल्या डिसेंबरात आजोळी गेलो आणि तो चाळीसचा हिशोब असा काही अंगावर आला, की आजचा शनिवार त्याच्यावरच घालवतोय.

मामेभावाने खाडीकाठच्या जुन्या घराचं होम-स्टे केलंय. चार खोल्या, ओटीवर झोपाळा, मामीच्या हातचं जेवण. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक येईना, म्हणून मीच फोटो काढून नेटवर टाकले होते. केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, सोलकढी आणि तिसऱ्यांची एकशिपी. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिसरी विळीवर उघडायची, मांस एकाच शिंपीत ठेवायचं आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचं. हीच तिसरी कुठे मुळे, कुठे शिवल्या, कुठे आणखी काही.) फोटो चांगलेच चालले. आता नाताळच्या आठवड्यात खोली मिळत नाही.

या खेपेला ताट समोर आलं आणि मी जरा थबकलो. चव तीच. पण तिसऱ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या. शिंपी जास्त, मांस नावाला. मी मामीला विचारलं, तर म्हणाली, "हल्ली अशाच मिळतात रे. मोठ्या असतात कुठे?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी खाडीत गेलो. मामीकडे तिसऱ्या देणाऱ्या काकू तिथे होत्या, आणखी दहा-बारा बायका होत्या. साडीचा काचा मारलेला, चिखलात वाकून हाताने चाचपत काढायचं काम. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती अमेरिकेतली कडी अजून आहे, आठवण म्हणून. मी मोठ्या ऐटीत ती काढली आणि काकूंच्या टोपलीतल्या तिसऱ्या एकेक करून घालून बघितल्या. सगळ्या आरपार. काकू हसल्या, "अरे, आमची तिसरी म्हातारी झाली तरी ह्येच्यात अडकाची नाय!"

बरोबरच होतं. जात वेगळी, आकार वेगळा. एका सर्व्हरची कॉन्फिग फाइल उचलून दुसऱ्यावर टाकणाऱ्या ट्रेनीला मी स्वतः किती वेळा झापलंय! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मी विचारलं, निदान अगदी बारक्या तरी सोडून द्यायच्या ना, पुढच्या वर्षी मोठ्या झाल्या असत्या. काकूंनी पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "मी सोडतलंय रे. पण मागसून येतली ती सोडतली काय?"

संपलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात चाळीस पानं खर्च करून जे सांगतात, ते काकूंनी चिखलात उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये यालाच सामाईक संपत्तीची शोकांतिका म्हटलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलवर लिहितायत आणि लॉक कुणीच लावलेलं नाही. प्रत्येक थ्रेड आपल्या जागी अगदी बरोबर वागतोय. प्रोग्राम मात्र झोपतोय.

काकू लोभी नाहीत आणि अडाणी तर मुळीच नाहीत. तिसरी सोडली तर वाढते, हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त कळतं. त्यांच्याकडे ज्ञान आहे. नाही ते एवढंच, की आपण सोडलेली तिसरी उद्या आपल्यालाच मिळेल याची खात्री. त्या फौजदाराने मला शिंपल्यांबद्दल काहीही शिकवलं नव्हतं. त्याच्या असण्याने फक्त एवढी हमी मिळत होती, की मी टाकलेले तीन शिंपले माझ्यामागून येणाराही उचलणार नाही. सगळी यंत्रणा या एका हमीसाठी आहे.

आता ही यंत्रणा उभी कशी राहिली ते थोडक्यात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४० च्या दशकातला एक वसाहतकालीन वटहुकूम आहे. त्यानुसार किनाऱ्यावरच्या जमिनीची मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत जात असली, तरी त्या मधल्या पट्ट्यात मासे पकडायचा हक्क सगळ्या लोकांचा राहतो. न्यायालयांनी शिंपल्यांनाही त्यात धरलंय. म्हणजे हक्क आधी ठरला. पुढे राज्याच्या कायद्याने गावांना अधिकार दिला, की तुमच्या हद्दीतल्या शिंपल्यांचे दिवस, जागा, प्रमाण, परवाने तुम्ही ठरवा. किमान आकार राज्याने घालून दिला, गावाला त्याहून कडक नियम करता येतो, ढिला करता येत नाही. परवान्याच्या पैशातून फौजदाराचा पगार निघायला हातभार लागतो, आणि कित्येक गावं शिंपल्यांची बारकी पिल्लं आणून चिखलात पेरतात. आपण भात लावतो तसं.

पण सगळंच गावावर सोडलेलं नाही. २००५ च्या मे-जूनमध्ये तिथल्या समुद्रात विषारी शेवाळाची मोठी लाट आली होती, १९७२ नंतरची सगळ्यात मोठी. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे पाण्यात असेल ते त्याच्या पोटात साठतं. हे विष शिजवूनही जात नाही. अशा वेळी गावाच्या टाउन हॉलमधल्या बाई काय करणार? तिथे राज्याची प्रयोगशाळा लागते, आणि राज्यानेच मैलोन्मैल किनारा बंद केला होता. कुठली गोष्ट कुणी ठरवायची, हे वाटून दिलेलं आहे. आकार आणि टोपली गावाने मोजायची, पाणी राज्याने तपासायचं.

आणि ही व्यवस्था सोवळी आहे असंही कुणी समजू नये. क्वाहॉग हे नावच मुळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय. गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून ते हे शिंपले खात होते, त्याच्या जांभळ्या कवचाचे मणी करत होते. त्यांच्यापैकी मॅश्पी वाम्पानोआग जमातीच्या दोघांवर एका गावाचा शिंपल्यांचा नियम मोडला म्हणून खटला झाला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये निकाल त्या दोघांच्या बाजूने लागला. पिढ्यान् पिढ्यांचा मासेमारीचा हक्क गावाच्या एका नियमाने पुसला जात नाही. म्हणजे "स्थानिक" म्हटलं की आपोआप न्याय्य होतं असं नाही. गावातल्या कुणाचं गाव, हा प्रश्न राहतोच.

इथपर्यंत वाचून तुमच्यातले निम्मे म्हणणार, "ठीक आहे रे, पण ते अमेरिकेत. आपल्याकडे हेल्मेटचा नियम पाळत नाहीत, तिसरीचा कोण पाळणार?" मलाही असंच वाटायचं. म्हणून आता आपल्याच देशातल्या एका खाडीची गोष्ट. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा मोठा जलाशय आहे, समुद्राला मुख उघडणारा. तिथे आपल्या तिसरीच्याच जवळची एक जात मिळते. १९८० च्या दशकात व्हिएतनाम, थायलंड, मलेशियातून तिच्या मांसाला मागणी आली. घरच्या कालवणासाठी जे काढलं जायचं ते आता कारखान्यांसाठी काढलं जाऊ लागलं. १९९१ च्या सुमारास वर्षाला दहा हजार टनांपर्यंत मजल गेली. आणि १९९३ पर्यंत उत्पादन अर्ध्यावर कोसळलं. नखाएवढ्या तिसऱ्या. ओळखीचं वाटतंय ना?

मग केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने नियम आले, आणि मला सगळ्यात जास्त कौतुक या नियमांच्या आखणीचं वाटतं. एक, यंत्राने काढायचं नाही. दोन, जाळ्याचा आस किमान ३० मिलिमीटर, म्हणजे बारकी आपोआप गळून खाली. तीन, डिसेंबर ते फेब्रुवारी, प्रजननाच्या काळात, बंदी. आणि चौथा नियम तर लाजवाब: निर्यातीच्या मांसात किलोमागे १४०० पेक्षा जास्त नग असता कामा नयेत.

हा चौथा नियम परत वाचा. पाण्यात उतरलेल्या शेकडो लोकांमागे फौजदार धावू शकत नाही. पण माल शेवटी मोजक्या कारखान्यांच्या दारातून जातो. तिथे एक तराजू आणि एक मोजणारा माणूस पुरतो. बारका माल घेतला तर नग वाढणार, नग वाढले तर माल अडकणार, म्हणून व्यापारीच बारका माल नको म्हणणार, म्हणून काढणारा तो काढणार नाही. नियम कुठे लावायचा हे ज्याला कळलं, त्याने अर्धी लढाई जिंकली. (आपल्या धंद्यात व्हॅलिडेशन कुठल्या लेयरला टाकायचं यावरून मीटिंगा होतात, ते काही उगाच नाही.)

उत्पादन सावरलं. पुढे मच्छीमार, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी खातं यांची मिळून एक परिषद झाली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली ती पहिली. हेल्मेट न घालणाऱ्या देशातली!

गोष्ट इथेच संपवली असती तर बरं वाटलं असतं, पण ते अर्धसत्य झालं असतं. अलीकडच्या वर्षांत अष्टमुडीत तिसरी पुन्हा खूप घटली. दक्षिण अमेरिकेकडचा एक परका शिंपला तिथे शिरला आणि भराभर पसरला. स्थानिक लोक त्याला "वरत्तन कक्का" म्हणतात, म्हणजे आगंतुक शिंपला. शिवाय प्रदूषण आहे, बदललेलं पाणी आहे. २०२३ मध्ये त्याच संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत वाढवलेली तीस लाख पिल्लं तिथे सोडली. तेव्हा नियम म्हणजे ताईत नव्हे. नियमाने माणसाचा हात आवरतो. बाहेरून आलेलं संकट आवरत नाही.

आता परत आपल्या खाडीत येऊ. काकूंचं एक वाक्य मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. मी अमेरिकेचा फौजदार, कडी, परवाना, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाडीच्या तोंडाकडे हात केला. तिथे पंप लावून वाळू उपसणारी बोट उभी होती. म्हणाल्या, "आमच्या टोपलेक नियम लावशीत. आणि त्या वाळूच्या बोटीक कोण इचारणा नाय, त्येचा काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ती बोट एका रात्रीत तळ ओरबाडते. त्यात तिसऱ्याही जातात, त्यांची पिल्लंही जातात आणि ती जिथे रुजणार ती वाळूही जाते. अशा वेळी काकूंच्या टोपलीवर कडी ठेवणं म्हणजे घरात दरोडा पडलेला असताना मोलकरणीची पिशवी तपासण्यासारखं आहे.

आणि म्हणूनच माझं मत पक्कं झालंय, की आपल्याकडे सुरुवात नियमापासून करूच नये. सुरुवात हक्कापासून करावी.

जरा बघा. मासेमारीचे आपले कायदे-नियम कुणासाठी आहेत? राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. बोट, जाळं, परवाना, अंतर, ही त्याची भाषा. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आहे, ती समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी. चिखलात वाकलेली बाई या भाषेत कुठेच बसत नाही. तिच्याकडे बोट नाही, जाळं नाही, म्हणून कागदोपत्री ती मच्छीमारच नाही. ती नुसती "खाडीत जाते". खाडीचा चिखल शासनाचा. जिचा हक्कच कुठे नोंदलेला नाही, तिने वाळूच्या बोटीविरुद्ध तक्रार करायची तरी कोणत्या नात्याने? आणि उद्या बंदी आली तर नुकसानभरपाई मागायची कोणत्या नात्याने?

केप कॉडच्या गावांत आज सांडपाण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतून नायट्रोजन झिरपतो आणि खाड्यांचं पाणी बिघडतं. त्यावर अफाट खर्च आहे. पण तो वाद गावसभेत होतो, आणि बोलणाऱ्यांत अनेकांच्या खिशात शिंपल्यांचा परवाना असतो. परवाना म्हणजे नुसता निर्बंध नाही. या पाण्यात माझंही काहीतरी आहे, असं सांगणारा तो कागद आहे. काकूंना तोच कागद हवाय.

त्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायला सांगितलंय. आपल्या हद्दीतली जैवसंपत्ती नोंदवायची, आणि धंद्यासाठी ती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायचं, याची तरतूद त्यात आहे. बहुतेक वेळा ही समिती म्हणजे ग्रामपंचायतीच्या कपाटातली एक फाइल असते, हे मला माहीत आहे. पण त्या फाइलमध्ये पहिलं पान जर "या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची यादी" असं लिहिलं, तर तिथून सुरुवात होते. यादी झाली की त्या बायका बसून ठरवू शकतात: कुठला पट्टा या वर्षी राखायचा, कुठला उघडा ठेवायचा, बाहेरून टेम्पो घेऊन येणाऱ्याला काय सांगायचं.

आणि हो, कडीचं माप. तेही त्यांनीच ठरवायचं. माझी कडी तिथे चालली नाही, तशीच अष्टमुडीची तारीखही इथे आंधळेपणाने चालणार नाही. माझी आजी श्रावणात तिसऱ्या घरात आणायची नाही, आणि आम्ही अभिमानाने सांगतो की बघा, पूर्वजांनी निसर्गाचा कसा विचार केला होता. असेलही. पण अष्टमुडीत बंदी श्रावणात नाही, डिसेंबर ते फेब्रुवारीत आहे. आपल्या खाडीतली तिसरी नेमकी कधी पिल्लं देते, ते आपल्याच खाडीत बघावं लागेल. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथली मुलं आणि या बायका एक वर्षभर दर महिन्याला एकत्र बसल्या, तर उत्तर मिळेल. पोथीतून नाही मिळणार आणि मुंबईच्या एका जीआरमधूनही नाही. "सगळ्या कोकणात अमुक महिने बंद" असा एकच आदेश काढला, की एका खाडीत तो चुकीच्या वेळी असणार, आणि चुकीच्या वेळची बंदी लोक एकदाच पाळतात.

समजा उत्तर असं निघालं, की नाताळच्याच दिवसांत तिसरीला हात लावायचा नाही. मग? मग गाठ कुणाशी आहे? काकूंशी नाही, आपल्याशी. पुण्या-मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून "ऑथेंटिक मालवणी" शोधत जाणाऱ्या तुमच्या-माझ्याशी.

रात्री ओटीवर मी हे सगळं मामेभावाला ऐकवलं. तो शांतपणे सुपारी कातरत होता. म्हणाला, "अरे, तू टाकलेल्या फोटोंमुळे तर लोक येतात. आल्या-आल्या मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, हे पाहिजे. आता मी काय सांगू त्यांना, फोटो काढणाऱ्याचं मत बदललंय म्हणून?"

लागलं. कारण खरं होतं. अष्टमुडीत व्हिएतनाम-थायलंडने जे केलं, ते आमच्या खाडीत मी केलं होतं. घरच्या कालवणाला बाजार आणून दिला, आणि मग खाडीत जाऊन काकूंना तीन वाक्यांत पर्यावरण शिकवलं.

पण कारखान्याच्या दारातल्या तराजूची गोष्ट त्याला पटली. तो वाट्यावर तिसऱ्या घेतो. वाटा म्हणजे ढीग, त्यात किती नग हे कुणी मोजत नाही. मी म्हटलं, मोज. दोन दिवस मामी आणि मी परातीत तिसऱ्या मोजत बसलो, मामी मला वेड्यात काढत होती. मग काकूंनाच विचारून ठरलं, की वाट्यात इतक्यापेक्षा जास्त नग भरले तर तो वाटा बारक्या मालाचा. तो घ्यायचा नाही. मोठ्या तिसऱ्यांच्या वाट्याला पैसे जास्त. काकू म्हणाल्या, बघू. मामेभावाने थाळीचा दर वाढवला आणि ज्या दिवशी मोठा माल नसेल त्या दिवशी ताटात बांगडा. मी जुने फोटो काढून टाकले, नवे टाकलेत, त्यात बांगडा आहे.

याने खाडी वाचणार नाही, मला माहीत आहे. शेजारी आणखी सहा होम-स्टे आहेत आणि त्यांच्या वाट्यांत नग कोण मोजतंय? काकूंनी नाकारलेल्या बारक्या तिसऱ्या कदाचित तिकडे जात असतील. वाळूची बोट परवाही आली होती, मामेभावाने फोनवर सांगितलं. यादी अजून झालेली नाही, ग्रामसभेत विषय घ्यायचा म्हणून त्याने अर्ज मात्र दिलाय. अर्जावर काकूंसकट अकरा बायकांच्या सह्या आहेत, दोघींचे अंगठे.

तोपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी कोकणात ताट समोर आलं आणि तिसऱ्या नखाएवढ्या दिसल्या, तर फोटो काढू नका. यजमानाला हळूच विचारा, "मोठ्या नाहीत का हो? नसतील तर राहू दे, बांगडा चालेल." भांडू नका, भाषण देऊ नका (माझ्यासारखं). फक्त विचारा. चाळीस जणांनी विचारलं की त्याचा नियम होतो.

असो. ओहोटीची वेळ झाली. म्हणजे इथे पुण्यात नाही हो, तिथे. पण मामेभावाचा फोन याच वेळेला येतो.